तगाई, कौल आणि रोजगार : महाड-पोलादपूर प्रांतांतील सरकारी द्रव्यसाहाय्याचा पूर्वापार विचार

१. विषयाची मर्यादा

सरकारी खजिन्यांतील द्रव्य गांवकऱ्यांच्या हातीं देऊन त्यांची शेती, उदीम व मजुरी पुन्हां उभी करावी, ही कल्पना अगदीं अलीकडची आहे, अशी समजूत बऱ्याच ठिकाणीं आढळते. जुन्या दप्तरांशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस ही समजूत टिकण्यासारखी वाटणार नाहीं. तगाई, कौल, इस्तावा, माफी हे शब्द ज्या कागदांत पदोपदीं येतात, ते कागद याच विषयाचे आहेत. मात्र आपण संग्राहक मंडळी सनदा, वंशावळी व लढायांचीं पत्रें यांच्या शोधांत असतां असल्या रूक्ष कागदांकडे सहसा पाहत नाहीं. हिशेबाचे बंद म्हणून ते रुमालाच्या तळाशीं राहतात आणि वाळवीच्या वांट्यास प्रथम तेच जातात.

प्रस्तुत लेखांत रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागांतील महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवून या पद्धतीचें स्वरूप सांगण्याचा विचार आहे. प्रत्येक काळीं तीनच प्रश्न विचारावयाचे आहेत. सरकारचा पैसा कोणास मिळाला? तो कोणत्या रूपानें मिळाला? आणि तो परत घेण्याची किंवा त्याचें फळ मोजण्याची रीत काय होती? या तीन प्रश्नांचीं उत्तरें हातीं आलीं म्हणजे सतराव्या शतकांतील पत्र आणि विसाव्या शतकांतील कायदा हे एकाच मोजपट्टीनें मोजतां येतात.

२. मुलुखाची स्थिति

सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावून पोलादपुरावरून महाडास येते व बाणकोटापाशीं समुद्रास मिळते. काळ व गांधारी या नद्या तिला महाडाच्या आसपास मिळतात. भरतीच्या पाण्याबरोबर गलबतें पूर्वीं महाड-दासगांवापर्यंत वर येत आणि तेथून माल वरंध घाटानें हिरडस मावळांत व पार घाटानें जावळींत चढे. महाडची पेठ या चढउताराच्या मालावर वाढली. समुद्र व देश यांच्यामधील हा उंबरठा होय.

शेतीची गोष्ट मात्र वेगळी आहे. नद्यांच्या कांठचीं भातखाचरें सोडलीं तर बाकीची जमीन बहुतेक वरकस. तींत राब भाजून नाचणी व वरी करावयाची आणि दोन-तीन वर्षांनीं जमीन विसाव्यास टाकावयाची. पाऊस विपुल, पण तो चार महिन्यांत वाहून जातो. भात कापून झाल्यावर हाताला काम उरत नाहीं. ज्या मुलुखाच्या पोटांत वर्षांतले निम्म्याहून अधिक महिने काम नाहीं, त्या मुलुखांतील माणूस बाहेर जाणारच. पूर्वीं तो लष्करांत व किल्ल्यांवर गेला, पुढें मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत गेला. कोंकणांतील चाकरमानी हा या भूगोलाचाच परिणाम आहे.

इ. स. १६५६ त जावळी व रायरी शिवाजीमहाराजांच्या हातीं आली, त्याच सुमारास प्रतापगड बांधला गेला आणि १६७४ च्या जून महिन्यांत रायगडीं राज्याभिषेक झाला. राजधानी आली म्हणजे तिच्याबरोबर पाथरवट, गवंडी, सुतार, लोहार, चुनेवाले, भोई व बाजारकरी येतात. गडावरील पेठेस लागणारें धान्य, सरपण व गवत पायथ्याच्या गांवांतून चढे. १६८९ त गड मोंगलांच्या हातीं गेला व पुढें सिद्द्याकडे आला, १७३३ त तो मराठ्यांनीं परत घेतला आणि १८१८ त इंग्रजांनीं घेतला. गडाचें महत्त्व गेलें म्हणजे पायथ्याच्या गांवांचें काम गेलें, हा या मुलुखाच्या आर्थिक इतिहासाचा मुख्य धागा आहे. उजाड झालेला गांव पुन्हां कसा उभा करावा हा प्रश्न येथें वारंवार पडलेला आहे.

३. रामाजी अनंत यांस गेलेलें पत्र

या प्रश्नाचें सर्वांत स्पष्ट उत्तर ज्या कागदांत सांपडतें, तो कागद महाडचा नसून दक्षिण कोंकणांतील मामले प्रभावळीचा आहे. परंतु तो ज्या राज्याचा आहे, त्याची राजधानी महाड तालुक्यांतच होती. म्हणून त्यांतील धोरण या मुलुखासही लागू पडणारें मानण्यास हरकत नाहीं. ५ सप्टेंबर १६७६ चें, सुभेदार रामाजी अनंत यांस लिहिलेलें हें पत्र अभ्यासकांस चांगलें परिचित आहे. भाजीच्या देठालाही हात न लावण्याविषयींचें त्यांतील वाक्य पुष्कळदां सांगितलें जातें. पण पत्राचा खरा गाभा त्याच्या पुढें आहे आणि तो क्वचितच वाचला जातो.

पत्राचा आशय थोडक्यांत असा. सुभेदारानें कचेरींत बसून हुकूम सोडूं नयेत. त्यानें गांवोगांव फिरावें, गांवीं पोंचल्यावर कुळंबी गोळा करावे आणि कोणाजवळ माणूसबळ किती, बैल किती, दाणे किती याची विचारपूस करावी. ज्याच्याजवळ मनुष्यबळ आहे पण बैल नाहींत, नांगर नाहीं व पोटाला दाणे नाहींत, तो अडून निकामी होतो. अशास दोन-चार बैलांचे पैसे रोख द्यावे, पोटास खंडी-दोन खंडी दाणे द्यावे आणि त्याच्यानें होईल तितकें शेत त्याजकडून करवावें. पुढील सालापासून बैलांचे व गल्ल्याचे पैसे वाढीदिढी न लावतां, म्हणजे व्याज न घेतां, केवळ मुद्दल, तेंही हळूहळू, त्याची ताकद येईल त्या मानानें घ्यावें. या कामीं दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी तो मान्य होईल, मात्र पडजमीन लागवडीस येऊन सरकारचा वसूल वाढला पाहिजे.

याशिवाय आणखी एक कलम आहे. एखादें कूळ पुढें कष्ट करण्यास उमेद धरून आहे, पण मागील बाकीच्या ओझ्यानें मोडून परागंदा होण्याच्या बेतास आलें आहे, तर ती बाकी तहकूब ठेवून हुजुरास कळवावें, म्हणजे माफीची व्यवस्था होईल. वसूल धान्याच्या रूपानें घ्यावा, तो सांठवावा आणि नारळ, सुपारी, मिरीं असा माल योग्य भाव येईल त्या वेळीं विकावा, असेंही त्यांत सांगितलें आहे.

लारी हें इराणांतील लार शहरावरून नांव पडलेलें, रुप्याच्या तारेचें नाणें होय. तें कोंकणच्या बंदरांतून चाले व आदिलशाहींतही पाडलें जाई. रकमेचा आकडा लारींत असणें हीच गोष्ट हा पैसा किनाऱ्याच्या व्यापाराशीं जोडलेला होता, असें सुचवते.

आतां आपले तीन प्रश्न या पत्रास लावून पाहावे. पैसा कोणास? ज्याच्याजवळ हात आहेत पण साधन नाहीं त्यास. कोणत्या रूपानें? बैलांसाठीं रोख व पोटासाठीं दाणे, म्हणजे साधन आणि तें वापरीपर्यंतचें अन्न. परत कसा? मुद्दलच, बिनव्याजी, ऐपतीच्या मानानें. आणि फळाची मोजणी? पडजमीन किती लागली व वसूल किती वाढला यावरून. यांत दानधर्माचा लवलेश नाहीं. राज्यानें आपला स्वार्थ उघडपणें सांगितलेला आहे आणि रयतेचा फायदा व सरकारचा फायदा एकाच खात्यांत मांडला आहे.

या धोरणाची दुसरी बाजू ६ डिसेंबर १६७१ च्या, कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांस लिहिलेल्या पत्रांत दिसते. पोर्तुगीजांच्या ताब्यांतील बारदेशचें मीठ स्वस्त पडून संगमेश्वराकडील मीठ मागें पडेल, म्हणून बारदेशच्या मिठावर जकात अशी बसवावी कीं तें आपल्या मिठाहून स्वस्त पडूं नये, असा त्याचा आशय आहे. एका पत्रांत साधन दिलें, तर दुसऱ्यांत धंद्याची बाजारपेठ राखली. हीं दोन्ही पत्रें एकत्र वाचलीं म्हणजे स्थानिक रोजगाराचा विचार त्या दरबारांत किती दूरवर झाला होता हें ध्यानांत येतें.

४. तवाना, तगाई, कौल, इस्तावा

पत्रांतील एक शब्द येथें मुद्दाम पाहण्यासारखा आहे. कुळास 'तवाना' करावें आणि त्याची 'तवानगी' येईल त्या मानानें उसूल घ्यावा, असे शब्दप्रयोग त्यांत येतात. तवाना हा फारसी शब्द असून त्याचा अर्थ समर्थ, सशक्त असा आहे. आपला नेहमींचा तगाई हा शब्द तकावी या रूपानें अरबीकडून आलेला असून त्याच्या मुळाशींही बळकटी आणणें हाच अर्थ आहे. म्हणजे दोन भाषांतील दोन निराळे शब्द एकाच अर्थानें आपल्या दप्तरांत आले. कर्ज या शब्दांत ऋणको व धनको यांचा संबंध येतो. तगाई या शब्दांत दुबळ्यास उभें करण्याची कल्पना येते. पुढें तगाई म्हणजे निव्वळ सरकारी कर्ज, एवढाच अर्थ उरला, तो शब्दाच्या झिजेचा परिणाम होय.

कौल म्हणजे अभयपत्र. ओसाड जमीन लावण्यास येणाऱ्या कुळास किंवा गांवास सरकार लेखी आश्वासन देई कीं, अमुक वर्षें सारा माफ किंवा अल्प, पुढें क्रमाक्रमानें वाढता, व अमुक सालीं पुरा. या वाढत्या क्रमास इस्तावा म्हणत. पहिल्या सालीं कांहींच न घेतां वा नाममात्र घेऊन, शेवटच्या सालीं पूर्ण धाऱ्यापर्यंत पोंचावयाचें. रान तोडणें, बांध घालणें, खाचर करणें यांस लागणारा काळ या क्रमांत गृहीत धरलेला असतो. रोख पैसा न देतांही सरकार येथें खर्च करीतच असतें, कारण सोडलेला सारा हा खर्चच होय.

कृष्णाजी अनंत सभासद यानें १६९७ सालीं जिंजीस लिहिलेल्या बखरींत हीच रीत नोंदली आहे. नवीन रयतेस गुरें, बियाणें व पोटास दाणापैका द्यावा आणि तो ऐवज दोन-चार वर्षांनीं तिची स्थिति पाहून वसूल करावा, असा त्याचा आशय. बखरीवर एकट्या भिस्त ठेवूं नये हा नियम योग्यच आहे. परंतु येथें १६७६ चें अस्सल पत्र व पुढची बखर एकमेकांस दुजोरा देतात. सभासदानें लिहिलेली रीत कल्पनेंतली नव्हती, हें त्या पत्रावरून सिद्ध होतें.

५. असे कागद कसे ओळखावे

महाड-पोलादपुराकडील घराण्यांच्या दप्तरांत या विषयाचे कागद असण्याचा संभव असल्यानें ते ओळखण्याच्या खुणा येथें देतों.

कौल व कबुलायत हीं जोडीनें पाहावीं. सरकार किंवा वतनदार देतो तो कौल. कूळ लिहून देतें ती कबुलायत किंवा कतबा. एक मिळाला म्हणजे दुसऱ्याचा शोध करावा, कारण दोहोंच्या कलमांत फरक आढळल्यास तोच इतिहासाच्या दृष्टीनें मोलाचा असतो. कौलांत वर्षांची उतरंड मांडलेली असेल आणि प्रत्येक सालापुढें वाढता आंकडा असेल, तर तो इस्तावा होय. तगाईचा कागद बहुधा यादीच्या रूपाचा असतो. त्यांत कुळाचें नांव, बैल, बियाणें, पोटगी व त्यापुढें खंडी-मणांचे किंवा नाण्यांचे आंकडे येतात. कोंकणांत सामान्यतः बारा पायल्यांचा मण व वीस मणांची खंडी धरीत, पण पायलीचें माप गांवागणिक बदले. म्हणून एका गांवच्या खंडीवरून दुसऱ्या गांवच्या पिकाचा अंदाज करूं नये.

काल प्रायः सुहूर सनांत व अरबी संख्यानामांनीं दिलेला असतो. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. वर्षारंभ मृगाच्या सुमारास होत असल्यानें जूनपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदांस ५९९ मिळवावे व पुढील महिन्यांस ६००. रामाजी अनंतांच्या पत्राचा काल सबा सबैन व अलफ, म्हणजे ७ + ७० + १००० = १०७७, त्यांत ५९९ मिळवून १६७६ येतो. सबा म्हणजे सात व सबैन म्हणजे सत्तर, तिसा म्हणजे नऊ व तिसैन म्हणजे नव्वद. घाईनें लिहिलेल्या मोडींत या जोड्या एकमेकांच्या जागीं वाचल्या जातात आणि त्यामुळें कागद दोन किंवा वीस वर्षांनीं मागेंपुढें जातो. दुष्काळ, स्वारी किंवा राज्यक्रांति यांच्या आधींचा कागद नंतरचा ठरला, तर त्याचा अर्थच उलटा होतो. गांव ओसाड पडल्यावर कौल दिला कीं कौल मिळूनही गांव ओसाड पडला, हा भेद केवळ सालावर अवलंबून असतो.

६. इंग्रजी अमलांतील तगाई व खोती

इंग्रजी अमलांत १८८३ चा जमीन-सुधारणा कर्जाचा कायदा व १८८४ चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा यांनीं तगाईस नवें रूप दिलें. पहिला विहिरी, बांध, ताली अशा टिकाऊ कामांसाठीं, दुसरा बी, बैल व संकटनिवारण यांसाठीं. एका गांवांतील अनेकांनीं एकमेकांस जामीन राहून कर्ज घेण्याची सोयही त्यांत होती. कायदे कागदावर वाईट नव्हते. परंतु १६७६ च्या पत्रांतील एक मूळ तत्त्व त्यांत बदललें. पूर्वीं ज्याच्याजवळ मनुष्यबळ आहे त्यास साहाय्य, हा कस होता. आतां ज्याच्याजवळ तारण आहे त्यास कर्ज, हा कस झाला. शिवाय व्याजही आलें.

या मुलुखांत तर हा फरक फारच जड गेला, कारण येथें खोती होती. खोताच्या गांवांत कसणाऱ्या कुळाच्या नांवें जमीन नसे. तारण देण्यास त्याच्यापाशीं होतें काय? ज्यास बैल हवे होते त्यास कर्ज दुर्मिळ, व ज्यास कर्ज सुलभ त्यास बैलांची अडचण नाहीं, असा प्रकार सहजच घडावयाचा. कुलाबा जिल्ह्यांत चरी येथें १९३३ पासून कित्येक वर्षें चाललेला शेतकऱ्यांचा संप आणि १९३७ च्या सप्टेंबरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत मांडलेलें खोती नष्ट करण्याचें विधेयक, या दोहोंच्या मुळाशीं हीच स्थिति होती. शेवटीं १९४९ च्या कायद्यानें खोती गेली. जमिनीचा हक्क कोणाचा हें ठरल्याखेरीज सरकारी पैसा योग्य हातीं पोंचत नाहीं, हा या प्रकरणाचा बोध होय.

७. सार्वजनिक पैसा व सार्वजनिक हक्क

गांवाच्या उत्कर्षासाठीं खर्च, असें म्हणतांना गांव म्हणजे कोण, हा प्रश्न महाडानेंच साऱ्या देशापुढें उभा केला. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत संमत झाला. सरकारी पैशानें बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, तळीं, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास खुले असावे, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ त चवदार तळें खुलें केलें. परंतु ठराव कागदावर राहिला आणि २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं सहस्रावधि लोकांनीं तळ्यावर जाऊन पाणी घेतलें, तेव्हांच तो प्रत्यक्षांत आला. त्यापायीं त्यांस मारहाणही सोसावी लागली. नंतर दावा झाला व १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें तो शेवटचा निकालांत काढला.

इतिहाससंशोधकांनीं या निकालाचें एक अंग विशेष लक्षांत घ्यावें. तळ्यावर कांहीं वर्गांस बंदी करण्याची रूढी अनादि कालापासून आहे, असें वादींचें म्हणणें होतें. तें प्राचीनत्व पुराव्यानें सिद्ध झालें नाहीं, आणि तळें नगरपालिकेचें ठरलें. म्हणजे रूढी जुनी आहे एवढें म्हणून भागलें नाहीं. ती किती जुनी व कशावरून, हें विचारलें गेलें. आपलें शास्त्र ज्या प्रश्नावर उभें आहे, तोच प्रश्न येथें हजारों माणसांच्या पाण्याच्या हक्काचा निर्णय करता झाला. आणि द्रव्यसाहाय्याच्या विषयांत त्यापासून एक नियम निघाला. ज्यावर सर्वांचा पैसा खर्च होतो, त्याचा लाभ घेण्यास कोणासही मज्जाव करतां येणार नाहीं.

८. रोजगार हमी व फळबागा

स्वातंत्र्योत्तर काळांत या विचारास कायद्याचें पूर्ण रूप महाराष्ट्रानेंच प्रथम दिलें. वि. स. पागे यांच्या कल्पनेनुसार १९६५ त सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत प्रयोग झाला, १९७२ त योजना राज्यभर आली, त्या सालच्या व पुढील सालच्या भीषण दुष्काळांतून गेली, १९७७ त कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. काम मागणाऱ्या प्रौढ ग्रामीण माणसास पंधरा दिवसांत अंगमेहनतीचें काम द्यावयाचें, न दिल्यास भत्ता द्यावयाचा, असें त्याचें स्वरूप. पैशाची सोयही विचारपूर्वक केली होती. १९७५ च्या कायद्यानें नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसायकर बसविला आणि त्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्यानें आपल्या खजिन्यांतून घालावयाची ठेवली. शहरांतील मिळकतीचा अंश खेड्यांतील रिकाम्या हातांकडे गेला. ज्या मुंबईस पोलादपुराचा तरुण पोटासाठीं गेला, त्या मुंबईचा पैसा या वाटेनें पोलादपुरास येऊं शकत होता. २००५ त केंद्र सरकारनें साऱ्या देशासाठीं केलेल्या कायद्यामागें महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

कोंकणाच्या दृष्टीनें त्याहून मोलाची गोष्ट १९९० त घडली. रोजगार हमीशीं फळबाग-लागवड जोडण्यांत आली. शेतकऱ्यानें स्वतःच्या पड जमिनींत आंबा, काजू अशीं झाडें लावावीं, त्या श्रमाची मजुरी व रोपांचा खर्च सरकारनें द्यावा, आणि तो एकदम न देतां तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानें, झाडें जगलीं आहेत हें पाहून द्यावा, अशी ही योजना. जुन्या इस्ताव्याशीं हिचें साम्य पाहण्यासारखें आहे. इस्ताव्यांत पडजमीन लागत जाई तसा सारा वाढत जाई. येथें झाड जगत जाई तसें साहाय्य पुरें होत जाई. दोहोंत काळ हाच मापक आहे, आणि दोहोंत पैसा गांवाबाहेरच्या ठेकेदाराकडे न जातां कसणाऱ्याकडे जातो. वरकस जमिनीस नाचणी-वरीखेरीज दुसरा उपयोग आहे, हें कोंकणास या योजनेनें मोठ्या प्रमाणावर दाखवून दिलें.

अडचण मात्र जुनीच निघाली. सातबाऱ्यावर पांच-पंचवीस वारसांचीं नांवें, त्यांतले बरेच मुंबईस, आणि जमिनीवर राहणारा एखादाच. सर्वांची संमति मिळेपर्यंत पावसाळा निघून जातो. पूर्वीं खोतामुळें जें अडत होतें, तें आतां अविभक्त वारशामुळें अडतें. म्हणूनच जुनीं वांटपपत्रें व फाळण्यांचे कागद हे आजही निव्वळ शोभेचे नाहींत.

९. रायगडाचें काम व पायथ्याचीं गांवें

२०१७ त राज्य सरकारनें रायगड विकास प्राधिकरण नेमलें व गडाच्या जतनासह पाचाड व परिसराच्या सुधारणेसाठीं सहाशे कोटी रुपयांहून अधिक रकमेचा आराखडा पुढें आला. ११ जुलै २०२५ रोजीं रायगड व प्रतापगड यांसह बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादींत नोंद झाली. महाड-पोलादपुराच्या दृष्टीनें १८१८ नंतर गडांमुळें काम मिळण्याचा एवढा मोठा प्रसंग दुसरा आलेला नाहीं.

येथें १६७६ च्या पत्राचीच मोजपट्टी लावावी. पैसा कोणास? गडाच्या चिऱ्यांची दुरुस्ती चुन्याच्या कामानें करावयाची तर चुना मळणारा, दगड घडविणारा व जुना बांध ओळखणारा कारागीर लागतो. तो बाहेरून आणून काम उरकलें तर काम संपतांच कसब निघून जाईल. तोच पायथ्याच्या गांवांत तयार केला, तर बारा गडांना पुढील पन्नास वर्षें लागणारें कसब येथें राहील. कोणत्या रूपानें? येणाऱ्या लोकांसाठीं निवास, भोजन व वाटाडेपणा हा उदीम जर गांवच्या घरांस मिळाला, तर तें बैल व बियाणें दिल्यासारखें होईल. फळाची मोजणी? किती पैसा खर्च झाला यावरून ती करूं नये. मुंबईस गेलेल्यांपैकीं किती घरें परत उघडलीं, यावरून करावी. रामाजी अनंतांस वसुलाचा आंकडा मागितला होता, केलेल्या खर्चाचा गौरव मागितला नव्हता.

१०. निकडीचें काम

शेवटीं आपल्या कर्तव्याकडे वळतों. या मुलुखांतील कागद इतरत्र आहेत त्याहून अधिक धोक्यांत आहेत. २००५ च्या जुलैअखेर दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते येथें डोंगर कोसळून पावणेदोनशेंवर माणसें गेलीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीवरील जुना पूल पुरांत वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजीं तळीये गांवावर दरड येऊन ऐंशींहून अधिक जीव गेले, पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंही तोच प्रकार झाला आणि महाड शहर पुराच्या पाण्याखालीं गेलें. माणसांपुढें कागदांची कथा काय, असें कोणी म्हणेल. परंतु वांचलेल्यांस नव्या जागीं वसवितांना घर कोणाचें, शेत कोणाचें, पाण्याची वाट कोणती, हे प्रश्न त्याच आठवड्यांत उभे राहतात, आणि त्यांचीं उत्तरें बहुधा त्या माळ्यावरच्या रुमालांत असतात.

सरकारी बाजूचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरांत आहेत. गांवच्या बाजूचे, म्हणजे कुळास मिळालेले कौल, तगाईच्या याद्या, वांटप, पाणवठ्यांचे निवाडे, हे घरोघरीं आहेत. एका बाजूवरून लिहिलेला इतिहास सरकारनें काय दिलें एवढेंच सांगेल. गांवास काय पोंचलें हें दुसऱ्या बाजूचे कागद सांगतील. म्हणून संग्राहकांस विनंति कीं, पावसाळ्यापूर्वीं या दोन तालुक्यांतील ओळखीच्या घरांत जावें, रुमाल मालकाच्याच ताब्यांत ठेवून प्रत्येक बंदाचें छायाचित्र घ्यावें, त्यावर गांव, घर व तारीख नोंदवावी आणि एक प्रत त्या घरास, एक ग्रामपंचायतीस व एक संशोधन-मंडळास द्यावी. वाचन मागाहून सावकाश होईल. कौल-तगाईचे कागद निकामी म्हणून बाजूला काढूं नयेत, उलट प्रथम तेच घ्यावे.

दोन लाख लारींची मंजुरी ज्या पत्रांत आहे तें जपलें गेलें, म्हणून आज राज्याचें धोरण आपणांस ठाऊक आहे. त्या धोरणानें कोणत्या घरीं बैल आले व कोणत्या टेकडीवर नांगर फिरला, हें सांगणारा कागद कोंकणांतल्या एखाद्या माळ्यावर असेल. तो हातीं लागल्यास त्या पत्राची दुसरी बाजू पुरी होईल.